शॉकअपचा बोल्ट पुन्हा पुन्हा का तुटतो?



लागण, बेणेप्रक्रिया, खोडकिडा, हुमणी या विषयांवर आपण या पानातून नेहमी बोलतो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने मोटारीच्या बोल्टावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु शिवारफेरीला गेलो की उसाच्या चौकशीबरोबर हा प्रश्न हमखास निघतो. आज बऱ्याच सभासदांच्या दारात जीप, पिकअप किंवा मोटार उभी असते. सकाळी तिच्यातून बेणे जाते, दुपारी खताच्या गोण्या येतात आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरची मंडळी लग्नाला निघतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पडलेल्या असतात. मग कोणीतरी बांधावरच विचारतो, "साहेब, मागच्या शॉकअपचा बोल्ट तिसऱ्यांदा तुटला. मिस्त्री म्हणतो रस्ताच तसला, त्याला कोण काय करणार?"

रस्ता खराब हे खरेच. पण त्याच रस्त्यावरून शेजाऱ्याची तशीच गाडी वर्षानुवर्षे धावते आणि तिचा बोल्ट तुटत नाही. म्हणजे दोष एकट्या रस्त्याचा नाही. बोल्ट तुटणे हे लक्षण आहे, रोग दुसरीकडे असतो. नुसता नवा बोल्ट घालून गाडी सोडणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

शॉकअपचे काम काय?

गाडीचे वजन पाटे किंवा स्प्रिंगा पेलतात. शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यातून चाक गेले की स्प्रिंग दबते आणि परत उसळते. तिला आवरले नाही तर गाडी झोपाळ्यासारखी हलतच राहील. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि ते बारीक छिद्रांतून इकडून तिकडे ढकलले जाते. त्या अडथळ्यामुळे उसळी मरते आणि तिची उष्णता होऊन जाते. शॉकअपचे वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला आणि खालचे टोक आसाला बांधलेले असते. ही दोन्ही टोके धरून ठेवण्याचे काम आपल्या या बोल्टांचे.

खराब रस्त्यावर चाक सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरते. सेकंदाला दहा धरले तरी तासाला ३६ हजार हिसके झाले. एवढे हिसके रोज सोसून बोल्ट टिकतो तरी कसा, हे आधी समजून घेऊ. टिकण्याचे कारण कळले की तुटण्याचे कारण आपोआप कळते.

घट्ट बोल्ट का तुटत नाही?

पुष्कळांची समजूत अशी की शॉकअप बोल्टावर खुंटीवर अडकवल्यासारखा लटकतो आणि सगळा भार बोल्टाच्या दांड्यावर येतो. दोन कानांच्या ब्रॅकेटमध्ये बसणाऱ्या शॉकअपची गोष्ट तशी नाही. त्याच्या डोळ्यात रबरी बुश असतो आणि रबराच्या आत पोलादी नळी असते. बोल्ट त्या नळीतून आरपार जातो. चाकी आवळली की ब्रॅकेटचे दोन्ही कान नळीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे दाबून धरतात. भार वाहतो तो या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर. बोल्टाचे काम फक्त चिमटा आवळून धरण्याचे.

हिशेब करून पाहू. १२ मि.मी.चा, ८.८ प्रतीचा बोल्ट नीट आवळला तर तो सुमारे पावणेचार ते चार टनांचा दाब देतो. घर्षण या दाबाच्या सातव्या हिश्श्याइतकेच धरले तरी दोन्ही बाजू मिळून एक टनाच्या वर पकड होते. नेहमीच्या चालीत शॉकअपची ओढ काही शे किलोच्या आसपास असते. म्हणून नळी जागची हलत नाही आणि हिसके बोल्टापर्यंत पोचतच नाहीत.

आता चाकी थोडी ढिली झाली असे समजा. चिमटा सुटला. नळी बोल्टावर खालीवर आपटू लागली. तासाला ३६ हजार वेळा तो दांडा वाकतो आणि सरळ होतो. तार दोन्हीकडे वाकवून वाकवून आपण तोडतो ना, तसेच हे. एका हिसक्यात बोल्ट तुटत नाही. आधी केसाएवढी चीर पडते, ती रोज थोडी वाढते आणि उरलेला भाग पुरेनासा झाला की एके दिवशी साध्या गतिरोधकावर कडकन तुटतो. मालक म्हणतो, "काहीच नव्हतं हो, हळूच चाललो होतो." खरे तर ते पंधरा दिवसांपासून चाललेले असते.

तुटलेला तुकडा फेकू नका

पोंगेमर झालेला कोंब आपण उपटून पाहतो. सहज निघाला आणि घाण वास आला तर खोडकिडा हे निदान होते. तुटलेल्या बोल्टाचेही तसेच. तुकडा फडक्याने पुसावा आणि उन्हात धरून तोंड पाहावे.

१. तोंडाचा एक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वाकड्या रेघा, आणि उरलेला भाग खडबडीत दिसला तर बोल्ट थकून तुटला. गुळगुळीत भागावर गंज किंवा काळेपणा असेल तर चीर जुनी होती. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत भाग लहान असेल तर भार फार नव्हता, बोल्ट ढिला राहिल्याचा संशय आधी घ्यावा. खडबडीत भाग मोठा असेल तर भारच जास्त येत होता.

२. सगळेच तोंड दाणेदार आणि बोल्ट जराही ताणलेला नाही, तर एकदम मोठा दणका बसला किंवा बोल्ट ठिसूळ होता.

३. तुटल्या जागी बोल्ट ताणून बारीक झालेला, आटे लांबलेले, तर तो आवळतानाच जास्त पिळला गेला. लांब पाइप लावून दोघांनी लोंबकळून आवळण्याचा हा परिणाम.

४. दांड्याला मधेच कंबर पडल्यासारखी झीज दिसली तर नळी त्यावर बरेच दिवस खेळत होती.

बोल्ट कोणत्या जागी तुटला तेही पाहावे. बहुधा तो डोक्याच्या मुळाशी किंवा चाकीलगतच्या पहिल्या आट्यात तुटतो, कारण ताण तिथेच एकवटतो.

कारणे कोणती?

सर्वात जास्त आढळणारे कारण म्हणजे ढिलाई. ब्रॅकेटवर रंगाचे किंवा गंजाचे जाड थर असतील तर बोल्ट आवळला तरी तो थर पुढे दबतो, निघून जातो आणि पकड सुटते. जुनी नायलॉनची चाकी पुन्हा पुन्हा वापरली तर तिचे नायलॉन झिजते आणि ती धरत नाही. ब्रॅकेटचे भोक लंबगोल झाले असेल तर कितीही आवळा, बैठक नीट होत नाही.

दुसरे कारण चुकीचा बोल्ट. दुकानात मापाचा मिळाला की आपण खूश होतो. पण डोक्यावर आकडा आहे का हे पाहावे. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे दर चौरस मि.मी.ला सुमारे ८०० न्यूटन ओढ सोसण्याची ताकद. दुसरा ८ सांगतो की त्यातल्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० न्यूटनपर्यंत, तो कायमचा ताणला जात नाही. १०.९ चा बोल्ट १००० आणि ९०० चा. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट फाटकाच्या बिजागरीला ठीक, शॉकअपला नाही. गाडीच्या पुस्तकात जी प्रत दिली असेल तीच घालावी. त्याहून कडक बोल्ट आणला म्हणजे काम जास्त पक्के झाले असे नाही. फार कडक बोल्ट ठिसूळपणाकडे झुकतो.

बोल्टाची लांबी आणि आटेही महत्त्वाचे. ब्रॅकेटच्या कानात आणि नळीत बोल्टाचा साधा गोल दांडा यायला हवा, आटे फक्त चाकीपाशी. पूर्ण आट्यांचा बोल्ट घातला तर १२ मि.मी.चा बोल्ट आट्यांच्या मुळाशी १० मि.मी.हूनही किंचित कमी भरतो. म्हणजे ताकदीचे क्षेत्र दोनतृतीयांशच उरते आणि प्रत्येक आट्याची खाच चीर पडायला आयतीच जागा देते. जुन्या जीपांना इंची मापाचे बोल्ट असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. त्या भोकात १२ मि.मी.चा बोल्ट घातला तर पाऊण मि.मी.च्या जवळपास ढिलाई पहिल्या दिवसापासूनच.

तिसरे कारण रबरी बुश. रबर फाटले, तेलाने फुगले किंवा आटून कडक झाले की पोलाद पोलादावर आदळते. बुश बदलायचा कंटाळा करून नुसता बोल्ट बदलला तर तो फार दिवस टिकणार नाही.

चौथे कारण शॉकअपची लांबी आणि गाडीवरचा भार. हे कारण सहसा कोणी पाहत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिकाम्या गाडीत तुटतो की भरलेल्या?

तक्रार आली की मी हा प्रश्न आधी विचारतो. एका सभासदाच्या पिकअपचा बोल्ट एका हंगामात चार वेळा तुटला. दर वेळी गाडी रिकामी होती, म्हणून सगळेच बुचकळ्यात पडले. मिस्त्रीने भोक वाढवून जाड बोल्ट घातला. मग बोल्ट टिकला आणि सांगाड्यावरचे ब्रॅकेटच उचकटले. काही रुपयांचे काम काही हजारांवर गेले.

कारण असे होते. जास्त माल भरता यावा म्हणून मागे एक जादा पाटा घातलेला होता. त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू दोन-तीन बोटे वर उचलली गेली. शॉकअप मात्र जुन्याच लांबीचा. तो उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण ताणलेला. चाक खड्ड्यात उतरले की आस खाली जायचा आणि त्याला अडवायला शॉकअपशिवाय काहीच नव्हते. दर खड्ड्याला सगळ्या आसाचा हिसका त्या एका बोल्टावर. गाडी भरली की ती खाली बसायची, शॉकअपला वाव मिळायचा आणि बोल्ट वाचायचा. जादा पाटा काढल्यावर आणि ब्रॅकेट दुरुस्त केल्यावर ती तक्रार बंद झाली. जादा पाटा ठेवायचाच असता तर वाढलेल्या उंचीला जुळेल अशा लांबीचा शॉकअप लागला असता.

भरलेल्या गाडीत तुटत असेल तर उलट तपास करावा. ५० किलोच्या वीस गोण्या म्हणजे एक टन होतो. गाडीची क्षमता त्याहून कमी असेल तर पाटे पूर्ण दबतात. तिथे आसाला अडवायला रबरी ठोकळा असतो. तो पडून गेला असेल तर शॉकअपच तळाला आपटतो आणि तो दणका सरळ बोल्टावर जातो. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का, मधला बोल्ट तुटून आस मागेपुढे सरकला आहे का, हेही पाहावे. आस सरकला की शॉकअप तिरका ओढला जातो. एकाच बाजूचा बोल्ट वारंवार तुटत असेल तर हे आधी तपासावे.

दुरुस्ती कशी करावी?

कोणी म्हणेल, हे काम मिस्त्रीचे. बरोबर आहे. पण मालकाला माहिती असली तर काम डोळ्यांदेखत नीट करून घेता येते.

गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी, पुढच्या चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये, मजबूत घोड्या लावाव्यात. बोल्ट काढण्याआधी आसाला खालून जॅकचा आधार द्यावा. हे फार महत्त्वाचे आहे. गोल स्प्रिंगच्या बऱ्याच मोटारींत आस शॉकअपनेच अडवलेला असतो. आधार न देता बोल्ट काढला तर आस धाडकन खाली येतो आणि स्प्रिंग निसटू शकते. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेली जोडी घरी उघडूच नये. गॅस भरलेल्या शॉकअपचा दांडा सुटल्यावर आपोआप बाहेर येतो, त्यासमोर तोंड नेऊ नये.

तुकडा अडकला असेल तर गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावा. टोक बाहेर असेल तर त्यावर चाकी वेल्ड करून पान्याने फिरवता येते. आत असेल तर बरोबर मध्यावर खूण करून आधी बारीक आणि मग मोठ्या ड्रिलने भोक पाडून काढावा आणि आटे टॅपने साफ करावेत. वेल्डिंग करायचे तर बॅटरीच्या तारा सोडाव्यात. मागे जवळच डिझेल-पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी असते हे विसरू नये. शॉकअपला गॅसची ज्योत कधीही लावू नये. आत तेल आणि कित्येकदा दाबाखाली गॅस असतो, तो फुटतो.

बसवताना ब्रॅकेटच्या आतल्या बाजू तारेच्या ब्रशने पोलाद दिसेपर्यंत घासाव्यात. भोक लंबगोल असेल तर नवे ब्रॅकेट लावावे किंवा वर्कशॉपमध्ये नीट भरून घ्यावे. बोल्ट, चाकी, वायसर आणि बुश नवेच घ्यावेत, तेही दोन्ही बाजूंचे. एका बाजूचा थकलेला असतो तेव्हा दुसऱ्याने तेवढाच प्रवास केलेला असतो.

आता आवळण्याची गोष्ट. पोलादी नळीचा, रबराला चिकटवलेला बुश असेल तर बोल्ट आधी हलका लावावा. गाडी खाली उतरवून वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळणे करावे. चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळले तर रबर त्याच स्थितीत धरले जाते, गाडी उतरली की कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आवळण्याचे माप गाडीच्या पुस्तकात असते, तेच पाळावे. अंदाज यावा म्हणून सांगतो. ८.८ प्रतीच्या १२ मि.मी. बोल्टाला साधारण ८ किलो-मीटर लागतात. म्हणजे ४० सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर. १० मि.मी.च्या बोल्टाला साधारण साडेचार, म्हणजे ३० सें.मी.च्या पान्याला १५ किलो. यावरून दिसेल की मीटरभर पाइप लावायची गरज नाही, आणि दोन बोटांनी आवळूनही भागत नाही. वर दांडा आणि दोन रबरी चकत्या असलेली जोडणी मात्र निराळी. तिथे रबर फुगून वायसरच्या कडेला येईल इतपतच आवळावे.

वाटेत तुटला तर

सुटलेला शॉकअप लोंबत ठेवून गाडी पळवू नये. त्याचे टोक टायरला घासते किंवा ब्रेकच्या नळीवर आपटते. ब्रेकची नळी फुटली तर घाटाच्या उतारावर काय होईल हे सांगायला नको. पाट्यांची गाडी असेल तर सुटलेले टोक तारेने सांगाड्याला घट्ट बांधावे, टायरपासून व नळीपासून दूर ठेवावे, माल आणि माणसे उतरवावीत आणि बैलगाडीपेक्षा थोड्याशा जास्त वेगाने जवळचे गॅरेज गाठावे. गोल स्प्रिंगची मोटार असेल तर ती जागेवरच उभी करून मिस्त्रीला बोलवावे.

दोन मिनिटांची पाहणी

नवा बोल्ट बसवल्यावर चाकीपासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवावी. चाकी फिरली की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायचीही गरज नाही. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर एकदा पाहावे आणि पुढे महिन्यातून एकदा. बोल्टाच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसली तर आत काहीतरी हलते आहे असे समजावे. हळू चालताना मागून खडखड येणे, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलणे, टायर जागोजागी खोलगट झिजणे, शॉकअपवर तेलाचा ओलावा, ही सगळी आधीची सूचना असते. पावसाळा संपल्यावर, गाळप हंगामाच्या तोंडावर, चिखल धुऊन एकदा गाडीच्या खाली वाकून पाहाच.

आपण लागणीच्या आधी बेण्याचा डोळा पाहतो, कारण नंतर पस्तावून उपयोग नसतो. गाडीचेही तसेच आहे. तिच्यात बेणे आणि खत जाते तशी पोरेबाळेही बसतात. पुढच्या वेळी बोल्ट तुटला तर तुकडा खिशात ठेवा आणि मिस्त्रीला नव्या बोल्टाची किंमत विचारण्याआधी जुना का तुटला ते विचारा. त्याचे उत्तर पटले नाही तर तुकडा घेऊन गट ऑफिसला या, आपण दोघे मिळून पाहू.

— ऊस विकास अधिकारी